पेठच्या वाटेवरचे मूल

रस्ता-अपघाताची बातमी आली की आपल्यापुढे पोलीस ठाणे, परिवहन कार्यालय आणि न्यायालय एवढीच स्थाने उभी राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी किंवा आशाताई यांचा त्या बातमीशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अपघात हा एक तर नशिबाचा भाग, नाही तर चालकाचा गुन्हा. आजार मात्र डॉक्टरांचा विषय, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. वस्तुस्थिती या वाटणीला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर प्राण गमावतात, आणि ५ ते २९ वर्षे या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण कोणतीही साथ नसून रस्ता-अपघात हे आहे. डोस पाजण्यासाठी मुलामागे घरोघरी फिरणारी आपली आरोग्य यंत्रणा, त्या मुलाला गावाबाहेर घेऊन जाणाऱ्या वाहनाविषयी मात्र चकार शब्द काढत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे मौन आहे, आणि तो नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुका डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

आधी देशाचे चित्र पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू झाले. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होते. अठरा वर्षांखालील मुलांचे मृत्यू साडेनऊ हजार होते, म्हणजे दररोज सुमारे सव्वीस. त्याच वर्षी सीटबेल्ट न लावल्यामुळे जे १६,७१५ जण दगावले, त्यांत निम्मे केवळ प्रवासी होते. हेल्मेट नसल्याने दगावलेल्यांत १४,३३७ जण दुचाकीवर मागे बसलेले होते. वाहन चालविणाऱ्याच्या हाती निदान ब्रेक असतो. मागे बसलेल्याच्या हाती काहीच नसते. आणि मागे बसलेले जर मूल असेल, तर कोणत्या वाहनात बसायचे हेसुद्धा त्याने ठरविलेले नसते.

आता पेठकडे वळू. नाशिकपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर सह्याद्रीच्या कुशीत वसलेला हा आदिवासी तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची वस्ती, भात-नागली-वरईची शेती, आणि चार महिने धो धो पाऊस. चाचडगावचा टोलनाका मागे टाकला की राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८४८ सावळ घाटात शिरतो, पुढे करंजाळी, मग कोटंबी घाट आणि नंतर पेठ गाव. तेथून रस्ता गुजरातच्या कपराडा भागातून पारडीकडे उतरतो. मालमोटारींची अखंड रांग, पावसाळ्यातील दाट धुके, आणि त्याच रस्त्याच्या कडेने शाळेला जाणारी मुले, हे तेथील नित्याचे दृश्य होय. पेठला ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु डोक्याला गंभीर मार लागलेल्या मुलाला दोन घाट ओलांडून नाशिकलाच न्यावे लागते. म्हणून अपघातानंतरच्या उपचारापेक्षा आधीच्या प्रतिबंधाचे मोल येथे शहरापेक्षा कितीतरी अधिक आहे.

या तालुक्यातील मूल प्रवास करते तरी कशाने? चार-पाच वर्षांचे असेल तर वडिलांच्या दुचाकीवर टाकीवर बसून, किंवा आई-वडिलांच्या मध्ये झोपेत डुलत. बाजाराच्या दिवशी आणि लग्नसराईत जीपमधून. आत बारा-पंधरा माणसे, मागे लटकलेली चार, कधी टपावरही. आश्रमशाळेत शिकणारे असेल तर दिवाळीच्या, होळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीला मिळेल त्या गाडीने घरी. आणि आई-बाप जर मजुरीस बाहेर पडणारे असतील, तर पिकअपच्या हौद्यातून. हा शेवटचा प्रवास नीट समजून घेतला पाहिजे. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत एप्रिलला खरड छाटणी असते आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या त्या कामास उतरतात. पाठीशी घर सांभाळणारे कोणी नसले की लेकरेही सोबत येतात. माल वाहण्यासाठी बनविलेल्या गाडीत भांडी, धान्याची गाठोडी, माणसे आणि मुले एकत्र भरली जातात. उभ्याने, कडेच्या पत्र्याला धरून.

अशा प्रवासाचा शेवट कसा होऊ शकतो हे वृत्तपत्रे अधूनमधून सांगतात. १२ जानेवारी २०२५ रोजी नाशिक शहरातच, द्वारका उड्डाणपुलावर, निफाड तालुक्यातून धार्मिक कार्यक्रम आटोपून परतणाऱ्या तरुण मुलांचा टेम्पो लोखंडी सळया वाहून नेणाऱ्या मालमोटारीवर मागून आदळला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप गाडी घाटात उलटली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातील चांदसैली घाटात अस्तंब्याची यात्रा करून परतणाऱ्या आदिवासी भाविकांची पिकअप दरीत गेली. तिन्ही घटनांत गाडी मालवाहू होती आणि आत माणसे होती. कायद्याने अशा वाहनातून प्रवासी नेण्यास मनाई आहेच; पण आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मालवाहू वाहनातून सहज नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईस विमा कंपनी सामान्यतः बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे जीव गेला तर गेला, वर कुटुंबाच्या हाती भरपाई पडण्याची वाटही बिकट होते.

"मी लेकराला घट्ट धरून बसते की," असे कोणतीही आई म्हणेल, आणि तिच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती हातांच्या बळाविषयी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी कशावर आदळून थांबली, तर आतील न बांधलेल्या माणसाला बसणारा हिसका जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. गाडीचा पुढचा भाग अर्धा मीटर दबला असे धरले, तरी दहा किलोच्या बाळाला मांडीवर रोखण्यासाठी त्या क्षणी सुमारे दोनशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी वेळात. पहिलवानालाही हे साधणार नाही. उलट पुढच्या आसनावर मांडीवर बसविलेले मूल आईच्या शरीराच्या आणि समोरच्या फळीच्या मध्ये चिरडते. एकच सीटबेल्ट स्वतःभोवती आणि मुलाभोवती लावणाऱ्या पालकांकडून नकळत हेच घडते. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या मानाने सुमारे चौथ्या हिश्शाचे असते आणि मान अजून कोवळी. म्हणूनच लहान मुलांसाठी वेगळे, मागे तोंड करून बसविण्याचे आसन लागते. मोठ्यांचा पट्टा त्यांच्या गळ्यावर येतो. उंची साधारण १३५ सेंटीमीटर होईपर्यंत मुलाला त्याच्या मापाचे साधन असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

'आईचे हात पुरेसे आहेत' हा समज केवळ आपल्या खेड्यांतला नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या रदरफोर्ड परगण्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ सरकारी आरोग्य अधिकारी होते. लसीकरण आणि बालकांची तपासणी हे त्यांचे रोजचे काम. ज्या मुलांना आपण रोगांपासून वाचवितो ती मोटारींत मरतात, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. आमदारांच्या मागे लागून त्यांनी १९७७ मध्ये चार वर्षांखालील मुलांना मोटारीत सुरक्षा-आसन सक्तीचे करणारा कायदा संमत करून घेतला. अमेरिकेतला तो असा पहिला कायदा. १९७८ च्या आरंभी तो लागू झाला. मात्र विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली होती: मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर आसनाची सक्ती नाही. सँडर्स यांनी या पळवाटीला बालकांना चिरडणारी दुरुस्ती असेच नाव दिले, आणि ती १९८१ मध्ये रद्द होईपर्यंत ते झगडत राहिले. १९८५ पर्यंत तेथील सर्व राज्यांनी असे कायदे केले. या इतिहासात आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या कामाचा आरंभ वाहतूक खात्यात झाला नाही. मूल ज्याच्यापुढे तपासणीला येत होते त्या डॉक्टराने तो केला.

आपल्याकडे कायदा झालेला आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने अथवा बाल-सुरक्षा आसनाने न बांधता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. त्याहून लहान, म्हणजे नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला: मुलाला चालकाशी जोडणारा पट्ट्यांचा अंगरखा, त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग ताशी चाळीसच्या आत. मोटारींच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली असून तिच्यात बालकांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे तारे दिले जातात. मोटार घेताना सनरूफ आहे की नाही हे विचारणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांनी हे तारेही पाहावेत, एवढेच त्याविषयी म्हणतो.

हे नियम चांगलेच आहेत. पण ते ज्या मुलाची कल्पना करतात ते मूल मोटारीच्या मागच्या आसनावर बसलेले आहे. जीपच्या आडव्या बाकावर, जेथे पट्टाच नाही, तेथील मुलाला कलम १९४-ब चा काय उपयोग? दुचाकीचेही तसेच. कायद्याने दुचाकीवर चालकामागे एकच जण बसू शकतो. म्हणजे पती, पत्नी आणि तापाने फणफणलेले बाळ दवाखान्यात निघाले की ते तिघेही, ती मोटारसायकल सुरू होताक्षणीच, कायद्याच्या बाहेर जातात. केरळ सरकारने २०२३ मध्ये लहान मुलाला तिसरा प्रवासी म्हणून सवलत मागितली, ती केंद्राने नाकारली. सुरक्षिततेच्या दृष्टीने केंद्राचे बरोबर होते. परंतु त्या बाळाने दवाखान्यात जावे तरी कसे, याचे उत्तर नाकारणाऱ्याने दिले नाही आणि मागणाऱ्यानेही दिले नाही.

आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. केवळ दंडाच्या पावत्या फाडून पेठसारख्या तालुक्यात मूल सुरक्षित होणार नाही. ज्याला दुसरा पर्याय नाही त्याला दंड म्हणजे गरिबीवरचा आणखी एक कर होय. पोलिसांनी जीप अडविली आणि आतील माणसे उतरविली, तर ती माणसे पुढच्या पिकअपची वाट पाहत तेथेच उभी राहतात. तेव्हा एका बाजूला पर्याय निर्माण करणे आणि दुसऱ्या बाजूला पालकांचे मन वळविणे, ही दोन्ही कामे बरोबरीने व्हावी लागतील.

मन वळविण्याचे काम कोण करू शकेल? आशाताई आणि अंगणवाडी सेविका. अंगणवाडी आपल्या देशात १९७५ पासून आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूतीनंतर माता व बाळाला घरी मोफत पोहोचविण्याची सोय आहे; म्हणजे बाळाचा आयुष्यातला पहिला प्रवासच सरकारी वाहनातून होतो. बाळ कुठे आणि कसे धरावे, आईने कोणत्या आसनावर बसावे, पट्टा कसा लावावा, हे दोन मिनिटांत सांगण्याची याहून चांगली वेळ नाही. त्यानंतर पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताईच्या गृहभेटी ठरलेल्या असतात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. आता नववा महिना पाहा. याच महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, याच महिन्यात आशाताई घरी येते, आणि दुचाकीवरील बालकासाठीचा केंद्राचा नियमही नवव्या महिन्यापासूनच लागू होतो. दोन खात्यांनी न ठरविता एकच मुहूर्त गाठला आहे! लसीच्या दिवशी कार्डावर वजनाची नोंद होते, तशी 'बाळ प्रवास कशाने करते' ही एक ओळ विचारली गेली आणि त्यावर दोन शब्द समजावले गेले, तर वेगळी मोहीम, वेगळे फलक, वेगळा उद्घाटन सोहळा काहीही लागणार नाही. नऊ महिन्यांखालील बाळाला दुचाकीवर सुरक्षित ठेवील असे साधन नियमात नाही. म्हणून तोवर दुचाकी टाळा, बसने किंवा रुग्णवाहिकेने या, हेही तिनेच सांगायचे.

आशाताईंवर आधीच कामांचे ओझे आहे, ही तक्रार रास्त आहे. मोबदला न वाढविता त्यांच्या वहीत रकाने वाढविण्याची सवय शासनाला आहे, आणि हा आणखी एक रकाना तसाच फुकट टाकला गेला तर त्याचे पुढे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. त्यासाठी स्वतंत्र मोबदला हवा.

शालेय वयाची मुले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांपुढे येतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये, आपल्या शेजारच्या पालघर येथूनच, सुरू झाला. दात, डोळे, रक्तक्षय तपासणाऱ्या या पथकाने मुलांना शाळेत येण्याचा मार्ग विचारला, तर तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे एक नकाशा आपोआप तयार होईल. आज तसा नकाशा नाही. शासनाच्या व्याख्येप्रमाणे 'अपघातप्रवण स्थळ' ठरण्यासाठी महामार्गाच्या पाचशे मीटर अंतरात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. पाड्याकडे जाणाऱ्या एखाद्या वळणावर दर पावसाळ्यात एखादी दुचाकी घसरत असेल, तर ते वळण या व्याख्येत कधीच बसणार नाही. शिवाय लहानसहान दुखापतींची पोलिसांत नोंदच होत नाही. टाके घालणाऱ्या परिचारिकेला मात्र त्या माहीत असतात. हिवतापाचा एक रुग्ण सापडला की आरोग्यसेवक त्याच्या घराभोवतालची डबकी शोधतो. जखमी मूल आले की तो कोणत्या वळणावर आणि कोणत्या वाहनातून पडला, हे कोणी शोधत नाही. मोजणी झाल्याशिवाय उपाय सुचत नाही, हा सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा आहे.

किशोरांचा प्रश्न निराळा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लहान बाळाप्रमाणे बांधता येत नाही, आणि उपदेश त्याच्या कानांवरून जातो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या वेळेला एका दुचाकीवर तिघे, हेल्मेट नाही, चालविणाऱ्याकडे परवाना नाही, हे दृश्य करंजाळीला दिसते तसे नाशिकच्या कॉलेजरोडवरही दिसते. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन चालकाच्या आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. त्या निमित्ताने कलम १९९-अ अनेकांनी प्रथमच ऐकले: अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. हेच कलम पेठमधल्या कर्जाऊ घेतलेल्या मोटारसायकलीलाही लागू आहे, आणि तेथे वकील गाठण्याची ऐपत नसते. किशोरांना हे सांगताना भीतीपेक्षा त्यांच्या मैत्रीला आवाहन करावे असे आम्हांला वाटते. मागे बसणाऱ्याने "हेल्मेट नसेल तर मी बसत नाही" असे म्हणणे, हे आई-वडिलांनी शंभरदा सांगण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेटविना पेट्रोल नाही ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपावर क्षणभर मागून आणलेली हेल्मेटे लोकांनी डोक्यावर चढविली. धाकाने आलेली सवय पंपापुरतीच टिकते, याचे ते उदाहरण होते.

पर्यायाचा विचार केला तर मला सर्वांत सुरक्षित बाल-आसन म्हणून वेळेवर येणारी एस.टी. बस दिसते. पेठला एस.टी.चे आगार आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना बारावीपर्यंत मोफत प्रवास आहे, आणि मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी खास बस दिल्या गेल्या. ही बस चुकली, रद्द झाली किंवा शाळा सुटल्यावर दोन तासांनी आली, की त्या मुली जीपच्या मागे लोंबकळतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतील विद्यार्थी खासगी गाड्यांवर आणि पायी चालण्यावर येऊन पडले. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत तथ्य होते. परंतु एक बस बंद पडते तेव्हा ती पन्नास मुलांना असुरक्षित वाहनांत ढकलते, हा हिशेब महामंडळाच्या नफा-तोट्यात कोठेही मांडला जात नाही. स्कूल बसचे २०११ चे महाराष्ट्र नियम मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली शाळेत परिवहन समिती असावी असे सांगतात. जेथे स्कूल बसच नाही तेथेही ही समिती नेमून, जीपवाल्यांशी बोलून, किती मुले बसवायची आणि टपावर कोणी बसायचे नाही एवढे ठरविण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. जीपवालेही त्याच गावचे असतात. त्यांची मुले त्याच शाळेत असतात.

अपघात झालाच तर काय, हेही पालकांना ठाऊक हवे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोखीशिवाय मिळतात. जखमीला उचलून नेणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागत नाही, कायद्याने त्यास संरक्षण आहे. मान आणि पाठ न हलविता जखमीला कसे उचलावे, हे मात्र घाटातील गावांच्या तरुणांना शिकविले गेले पाहिजे. कारण तेथे रुग्णवाहिकेच्या आधी तेच पोहोचतात.

आपल्या धर्मग्रामांपुरते दोन शब्द. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला वसई-मुंबईकडून हजारो कुटुंबे मुलाबाळांसह येतात. पहाटे निघून कसारा घाट चढतात, रात्री झोपेत असलेली मुले मांडीवर घेऊन परततात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर, पट्टा न लावता बसले होते. पुलाजवळून वसईकर नेहमी ये-जा करतात. मागचा पट्टा तरीही बहुतेक मोटारींत आसनाखालीच दडपलेला असतो. सहलीला किंवा शिबिराला मुले नेताना टेम्पो ठरविण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे, कारण तो स्वस्त पडतो. ती यापुढे बंद व्हावी, आणि बसचे पैसे जमत नसतील तर सहल पुढे ढकलावी.

पेठविषयी एक व्यवहार्य सूचना करून थांबतो. हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा तेथे लागू आहे आणि ग्रामसभेचा शब्द इतर ठिकाणांपेक्षा वजनदार आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींकडे थेट येते, आणि ती कोणत्या कामांवर खर्च करावी याच्या यादीत पायाभूत सुविधा, आरोग्य व शिक्षण आहेत. पावसात मुलांनी उभे राहावे असा निवारा, शाळेजवळ गतिरोधक, अंगणवाडीत उसने देण्यासाठी लहान मापाची दहा-बारा हेल्मेटे आणि पट्ट्यांचे अंगरखे, ही कामे त्या यादीबाहेरची नाहीत. शाळा जूनच्या मध्यावर उघडते; शाळेच्या वेळेची फेरी मागणारा ठराव १ मेच्या ग्रामसभेत झाला तर आगाराच्या हाती दीड महिना राहतो. गोडी छाटणीच्या टोळ्या पाऊस ओसरला की निघतात. त्यांच्यासाठी द्राक्ष बागायतदारांनी पिकअपऐवजी बस पाठवावी, आणि टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांची नावे मुकादमाने अंगणवाडीत नोंदवून निघावे, हा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यावा लागेल.